सात नंबरच्या चित्रातलं सूप

९ जानेवारी

डायरी बँकेची आहे, मागच्या सालची. छापलेले वार जुळत नाई म्हणून तारीख मीच वर घालतो.

दिव्यानी चार दिवस राहून आज सकाळच्या गाडीनं गेली. माही नात, माह्या पोराची, राजदीपची पोरगी. मुंबईले एका संग्रहालयात जुन्या चित्रांच्या कामावर आहे. जाताना ही डायरी आन एक फाईल देऊन गेली. फाईलीत बारा चित्रं. मी झेरॉक्स म्हणलं तं रागावली. "आजी, छापचित्रं आहेत ही. दीडशे वर्षांआधीची. लाकडावर कोरून नाही तर दगडावर काढून, मग कागदावर दाबलेली. ह्या त्यांच्या नकला." म्हणजे झेरॉक्सच.

बाराही चित्रात एकच गोष्ट. खेड्यातले लोक शहरात येऊन पोचले. कोणी रेल्वेतून उतरते, कोणी बैलगाडीतून, कोणी पायी. एप्रिलमध्ये मुंबईले ती भिंतीवर लावणार आहे आन लोक पाहाले येणार आहे. इथी खेड्यातले लोक फुकट दिसते, तरी.

"तू पाहा आन काय दिसते ते लिही," म्हणे.

"तुह्या संग्रहालयात शिकलेले मेले का?"

"आहेत ना. प्रत्येकाच्या खाली त्यांनी लिहिलं आहे. पण त्यातला एकही कधी डोक्यावर गाठोडं घेऊन गावातून निघाला नाही."

"मी पण नाई निघाली. मी इथीच आहे."

"म्हणूनच," म्हणे.

मी चवथी शिकली. चवथीतल्या बाईनं काय लिहाचं ते तिलेच माहीत. पण एवढी चांगली डायरी कोरी ठेवणं बरं नाई.

११ जानेवारी

तीन नंबर. रेल्वेचं स्टेशन. पंधरा-वीस माणसं उतरली, बाया, लेकरं, एक बकरी. बकरी काढणाऱ्यानं मनानं टाकली असन. सगळ्यांची तोंडं वर. वर काय आहे ते चित्रात नाई, काहीतरी उंच असन. बाजूले एक टोपीवाला बाबू तोंडावर हात ठेवून हासून राह्यला.

दिव्यानी म्हणत होती की अशी चित्रं शहरातले लोक घरी बसून पाहाले आन हासाले घेत होते. हासा बाप्पा. मागं आमच्याकडे जमीन मोजाले शहरातला पोरगा आला होता, बूट घालून. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून त्याले चालता आलं नाई, बुडावर बसला चिखलात. आम्ही पण पोट धरून हासलो. त्याचं चित्र कोणी छापलं नाई, एवढाच फरक.

२० जानेवारी

धान निघालं, चुराई-मळणी झाली, आता गावात काम नाई. अर्धं गाव मिरची तोडाले तेलंगणात जाऊन राह्यलं. दरसाल जाते. मुकादमाची पिकअप येते, एका पिकअपमध्ये तीस-तीस जण कोंबून नेते. तिथी वावरातच प्लास्टिकच्या झोपडीत राहते, मिरचीनं हाताची आग आग होते, आन चौदा एप्रिलच्या आत सगळे परत येते. बाबासाहेबांची जयंती कोणी चुकवत नाई.

आमच्या ओळीतल्या घरांच्या चाव्या माह्यापाशी राहते. आधी माह्या सासूपाशी होत्या. समोरच्या खोलीत खिळे ठोकले आहे, घराच्या ओळीनंच. रीत अशी आहे की चावी ज्या हातानं देली त्याच हातात परत जाते. नवऱ्यानं देली तं बायकोले मिळत नाई, पोरानं देली तं बापाले मिळत नाई. सासूनं एकदा मोठ्या भावाची चावी लहान भावाले देली होती, दोघांचं वाटणीचं भांडण तिले माहीत नव्हतं. मोठा परत आला तवा घरात मडकंसुद्धा नव्हतं. तवापासून रीत झाली.

परत आल्यावर ज्याची चावी तो पायलीभर लाल मिरची देते. चावीची मिरची. मले सालभर मिरची विकत घ्या लागत नाई.

माही चावी मंगलीपाशी राहते. डोळ्याच्या आपरेशनले चंद्रपूरले गेली होती तवा एकदाच देली.

२४ जानेवारी

आज पिकअप गेली. अकरा चाव्या लागल्या खिळ्यावर.

मंगली सगळ्यात शेवटी आली. तिचं घर माह्या समोरच. आम्ही दोघी एकाच साली या ओळीत सुना म्हणून आलो. तिची जीभ मऊ आहे म्हणून लोक तिले चांगली म्हणते आन माह्यापासून लांब बसते. नवरा नाई आता. पोरगा रोशन हैदराबादले बिल्डिंगीच्या कामावर आहे, बायको-लेकरू तिथीच. मंगलीचे हात मिरची तोडाले चालत नाई आता, पण टोळीचा भात रांधाले नेते तिले.

"हे घे," म्हणे, आन चावी पुढे केली.

"कोंबड्या किती?" मी विचारलं. दरसाल ती मोजून देते आन मोजून घेते. एक कमी निघाली तं आठ दिवस बोलत नाई, मुंगसानं नेली असली तरी.

"नाई मोजल्या. तुले वाटलं तं खाऊन टाक."

"तीन दात राह्यले माहे. कोंबडी चावू कशानं?"

"रस्सा पी मंग."

"यंदा मिरची पाहून आणजो. मागच्या सालची तुही मिरची निवळ रंगाची होती, तिखट नाई का काही नाई."

तिनं चावी माह्या हातावर ठेवली आन आपला हात वरून काढलाच नाई. म्हणलं, "देऊन राह्यली का घेऊन राह्यली?" तवा सोडला.

पिकअपमध्ये तिची दोन गाठोडी होती. दरसाल एक राहते. थंडी आहे म्हणून चादरी जास्त घेतल्या असन. म्हातारपण लागलं तिले.

२६ जानेवारी

ओळीत आता मी आन मुखरू. मुखरू कोपऱ्यावरच्या घरातला बुढा, त्याची सून करिश्मा आन पोरगा मिरचीले गेले. त्याले दोन वेळ भात देणं चावीतच येते, त्याची वेगळी मिरची नाई. कानानं कमी ऐकते. त्याच्याशी बोलणं म्हणजे भिताडाशी बोलणं, पण भिताड मधातच झोपून जात नाई.

२ फेब्रुवारी

पाच नंबर. शहराच्या वेशीवर एक बाई येणाऱ्याले पाणी पाजते, बाजूले न्हावी एकाची दाढी करते. दोघंही डावखुरे. मंग बाकीचे पाह्यले. गाडीवानाची तुतारी, बैल हाकाची काठी, ते पण डाव्या हातात. डाव्या हातानं पाणी कोण पाजते?

दिव्यानीचा फोन आला तवा सांगतलं. पोट्टी एवढी खूश झाली की मले वाटलं नोकरीत बढती झाली. म्हणे, लाकडावर जसं कोराल त्याच्या उलटं कागदावर उठते. कोरणाऱ्यानं आधी चित्र उलटं करून घ्या लागते. या कोरणाऱ्यानं केलंच नाही. "आमच्या साहेबांच्या लक्षात नव्हतं आलं, आजी."

मंग म्हणे, परवा ती चावी खोलीत विसरली आन कुलूप लागून गेलं. संगच्या पोरी कामावर. तीन तास जिन्यावर बसून होती.

"शेजारी नाई का?"

"आहे. नाव नाही माहीत."

मुंबईले माणसं लय आहे म्हणते.

८ फेब्रुवारी

सात नंबर. हे चित्र मी दोन दिवस पाहून राह्यली.

शहरातला मोठा रस्ता. दोन्हीकडे माड्या. मधातून एक बिऱ्हाड चाललं. पुढे नवरा, डोक्यावर पेटी. मागं दोन लेकरं. शेवटी बाई. तिच्या डोक्यावर गाठोडं आन काखेत एक वस्तू. खाली संग्रहालयवाल्यांनी लिहिलं, "टोपली घेतलेली स्त्री".

ते टोपली नाई. सूप आहे. एका बाजूनं उघडं आहे, तीन बाजूनं काठ वर आहे. आंधळ्याले हात लावून समजन.

आन सूप आहे म्हणजे मोठी गोष्ट आहे. मिरचीले जाणारा तांदूळ नेते, भाताचा गंज नेते, तवा नेते, चादर नेते. सूप नेत नाई. तांदूळ घरूनच पाखडून निवडून नेते, तीन महिन्यांसाठी सूप कशाले? ते घरी खुंटीवर राहते. जो सूप नेते त्याले तिथी धान्य भराचं आहे, पाखडाचं आहे. तो परत येत नाई. माह्या सासूनं मले शिकवलं होतं, चावी घेताना माणसाच्या तोंडाकडे नाई पाहाचं, गाठोड्याकडे पाहाचं.

ही बाई परत जाणार नव्हती. नवऱ्याले माहीत होतं का ते चित्रावरून समजत नाई.

९ फेब्रुवारी

दिव्यानीसाठी खुंटीवरच्या सुपाचा फोटो काढाचा होता. माह्या सुपाले जुनं धडपं शिवलं आहे, बरं नाई दिसत. मंगलीचं नवं आहे, मागच्याच दसऱ्याले घेतलं. तसंही तिच्या घरात वाळवी पाहाची होती, म्हणून कुलूप काढलं.

खुंटीवर सूप नव्हतं. चुलीमागं पाह्यलं, धानाच्या कोठीवर पाह्यलं, पाटावर चढून वर आढ्याच्या फाट्यावर पाह्यलं. खाटेखाली पाह्यलं.

उंदरानं कुरतडलं असन, तिनं फेकलं असन. नाई तं तुटलं म्हणून बुरडाकडे देलं असन.

वाळवी नाई. घर झाडलेलं, सारवलेलं. मिरचीले जाताना एवढं सारवाची गरज काय होती कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

बाजारात बुरूड बसते त्याले विचारलं, मंगलीनं सूप देलं होतं का बांधाले. म्हणे नाई.

त्याले काय आठवते. दिवसभर पितो.

१४ फेब्रुवारी

मुखरूले विचारलं, मंगलीचं सूप पाह्यलं का.

"साप? कुठी निघाला?" म्हणे, आन काठी घेऊन उठला. अर्धा तास मंगलीच्या आंगणात साप शोधत होता. मी शोधू देला. तेवढंच हातपाय चालले.

२७ फेब्रुवारी

दिव्यानीनं सांगतलं होतं चित्र उलटं उठते. मंग खरं कसं होतं ते पाहाले आरसा आणला आन सात नंबर त्याच्यापुढे धरलं.

बाई उजवीकडे चालली होती ती आता डावीकडे चालली. मले वाटलं वापस येऊन राह्यली. पण शहर पण तिच्यासंगच फिरलं. आरशात पाहा नाई तं कागदावर पाहा, ती शहरातच जाते.

मुखरू दारातून म्हणे, "या वयात आरशात एवढं काय पाहून राह्यली वो?"

"पावडर लावतो," म्हणलं.

१८ मार्च

मोह पडून राह्यला. फुलं वेचाले पहाटेच जा लागते, उशीर झाला तं जनावरं खाऊन टाकते. वाघ नाल्याच्या अलीकडे दोनदा दिसला म्हणून जंगलवाल्यांनी सांगतलं की एकट्यानं कोणी जाऊ नोको. मी आन मंगली दरसाल संगच जातो. एक वाकली की दुसरी उभी राहते आन बोलत राहते, आवाज बंद झाला नाई पायजे. मंगली तवा माह्या सासूच्या गोष्टी सांगते, मले पाठ आहे सगळ्या.

पण मंगली मोहाच्या वेळी गावात कुठी राहते? ती तं मिरचीले असते. आता लिहिताना समजलं. मागच्या साली ती मोहासाठी म्हणून टोळी सोडून महिनाभर आधी आली होती. त्याच्या आधीच्या साली पण. म्हणजे यंदा पण आतापर्यंत याले पायजे होती.

यंदा मोह उशिरा पडला असन तिकडे. तिले कसं समजन.

मी गेली नाई. आपल्या झाडाखालची फुलं रानडुकरानं खाल्ली.

२३ मार्च

राजदीपचा फोन, गडचांदूरवरून. दर रविवारी येते. "माय, इथी येऊन राहा. सिमेंटचं पक्कं घर आहे, पंखा आहे." म्हणलं, तिथी सिमेंटची धूळ आहे, खोकून मरन मी. आन चाव्या?

"चाव्या, चाव्या. तू का बँकेची मॅनेजर आहेस?"

म्हणलं, मॅनेजरचीपण चावी कोणापाशी तरी राहते.

३० मार्च

दिव्यानीले चित्रांवर लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं, तिनं तिकडे भरून घेतलं. सात नंबरचं असं वाचलं:

"हे टोपली नाई, सूप आहे. ही बाई सूप घेऊन आली म्हणजे ती कायमची आली. चित्र काढणाऱ्यानं रस्ता काढला, माड्या काढल्या, घोडागाडी काढली. घराले कुलूप कोणतं लावलं आन चावी कोणापाशी ठेवली ते नाई काढलं. तो तिथी नव्हता. चावी ज्या बाईपाशी ठेवली ती अजून वाट पाहून राह्यली असन. तिले कोणी सांगतलं नसन."

म्हणलं, भरलं का सगळं?

"भरलं. आजी, उद्घाटनाला ये ना. एकोणीस एप्रिल. मी तिकीट काढते."

"माही चावी कोणाले देऊ?"

"मंगलीआजी चौदाच्या आत येईलच ना."

हो म्हणलं. काढ तिकीट.

१० एप्रिल

टोळी आली. दिवसभर चाव्या देल्या, मिरची घेतली. सगळे काळे पडले, पण मिरची यंदा चांगली आहे, हात लावला तं नाकात ठसका.

करिश्मा मुखरूसाठी नवा दुपट्टा घेऊन आली. ती मले म्हणे, "मावशी, मंगलीमावशीची तब्येत कशी आहे?"

"मले काऊन विचारते? तुमच्यासंग होती ना ती."

"दोन दिवसच होती. तिसऱ्या दिवशी रोशन आला आन तब्येत बरी नाई म्हणून घेऊन गेला. आम्हाले वाटलं तुमाले माहीत असन. ती म्हणत होती, रुखमाले सांगूनच आली."

"हो, सांगतलं होतं," मी म्हणलं. "इसरली मी."

माहं नाव रुखमा. आजपर्यंत मी कधी काही इसरली नाई.

खिळ्यावर एक चावी आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पंचशील, ध्वज, संध्याकाळी मिरवणूक. पांढरं लुगडं घातलं. मिरवणुकीत मंगली माह्या डाव्या बाजूनं चालते. आज तिथी करिश्मा चालली. डीजे लय मोठा होता.

हैदराबादकडून येणाऱ्या तीन गाड्या थांब्यावर थांबल्या. मी थांब्याजवळच उभी होती, तिथी सावली चांगली असते.

१६ एप्रिल

रोशनचा फोन.

"मावशी, आमच्या घराची चावी गुणवंतरावले देऊन टाका. सौदा झाला. ते तिथी खताचा माल ठेवणार आहे."

गुणवंतराव शाळेत मास्तर होते, आता खताचं दुकान आहे. कालपासून ते माह्या दारावरून दोनदा खाकरून गेले.

"चावी तुह्या मायनं देली," म्हणलं.

"आई म्हणते देऊन टाका."

"तिच्या तोंडानं म्हणू दे."

"तिले फोनवर बोलता येत नाई, मावशी. रडते."

"फोनवर नोको बोलू म्हणा. इथी ये आन घेऊन जाय. रीत तिलेपण माहीत आहे."

"मावशी, हे काय झालं? एका चावीसाठी सहा तासाचा प्रवास? कुलूप तोडलं तं दोन मिनिटात होते."

"तोड. मी दारात खाट टाकून बसतो. गुणवंतराव मास्तरले माह्या अंगावरून जाता येते का पाहू."

त्यानं ठेवला फोन. पोट्टा वाईट नाई. लहानपणी माह्याच घरी जेवत होता.

दिव्यानीले सांगतलं, तिकीट वापस कर. काऊन ते नाई सांगतलं.

१९ एप्रिल

आज तिथी उद्घाटन झालं. दिव्यानीनं करिश्माच्या फोनवर फोटो पाठवला. पांढरी भिंत, त्यावर सात नंबर, खाली मोठ्या अक्षरात माहं बोलणं. शेवटी "रुखमाबाई" लिहिलं. एक लांब केसाचा माणूस वाचून राह्यला. बाबू हासत नाई या वेळी.

"मावशी, तुमचं नाव मुंबईच्या भिंतीवर," करिश्मा म्हणे.

"टोपली म्हणलं होतं त्यांनी. मी काय करू?"

२१ एप्रिल

मंगली आली. दुपारच्या गाडीनं, एकटीच. मी आंगणात मिरचीचे देठ तोडत होती. ती फाटकापाशी येऊन उभी राह्यली. नवं लुगडं, पायात चप्पल, हातात प्लास्टिकची थैली. आत याचं का नाई हे तिले समजेना. पंचेचाळीस वर्षात पहिल्यांदा फाटकावर थांबली.

"पाव्हणी आहे का? पाय धुऊ का?" म्हणलं.

तवा आली आन बसली. पाणी पेली. देठ तोडाले लागली, कोणी सांगतलं नव्हतं तरी.

मंग तिनं थैलीतून एक पुडी काढून माह्यापुढे ठेवली. दुकानातली मिरचीपूड, वर लाल मिरचीचं चित्र. "चावीची मिरची," म्हणे.

"हे?"

"तिथी वावर कुठी आहे वो? बाराव्या माळ्यावर आहे आम्ही. रोशननं काम केलं त्याच बिल्डिंगीत, वॉचमनच्या खोलीत. म्हणजे खोली खाली आहे, मी भांडे घासाले बाराव्या माळ्यावर जातो."

"काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती जाय."

"म्हणलीच असती."

"म्हणूनच नाई सांगतलं."

हे काय बोलणं झालं, मले समजलं नाई. मी फाईल आणली आन सात नंबर दाखवलं. तिनं चष्मा लावला.

"ही कोण?"

"तू."

"मी एवढी जाडी आहे का?" मंग बोट ठेवलं. "सूप पाहा कसं धरलं. याच्या काढणाऱ्यानं कधी पाखडलं नाई." मंग हळूच म्हणे, "माहं सूप खाटेखाली पडून आहे. तिथी तांदूळ पुडीत येते, निवडलेला. एक खडा नाई. मी पाखडतो तरी. सून म्हणते काय पाखडता. मी म्हणतो हात आखडते."

मी उठून खिळ्यावरची चावी काढली आन तिच्या हातात देली. तिनं घेतली. मी पण हात लगेच सोडला नाई, चावीले गंज लागला होता, ते पाहत होती.

ती समोर गेली, कुलूप काढलं. आत काय करत होती ते मी पाह्यलं नाई, भात चढवाचा होता. बाहेर आली तवा हातात काही नव्हतं. गुणवंतराव मास्तर आले, तिनं चावी त्यांच्या हातात देली. मास्तर म्हणे, "कोंबड्यांचं काय?"

"त्या रुखमाच्या आहे," मंगली म्हणे.

"माह्या कशाच्या? मोज," म्हणलं. "चार आन एक कोंबडा. मोजून घे आन मंग दे."

तिनं मोजल्या. बरोबर निघाल्या.

जेवण झालं. पाच वाजताची गाडी होती, थांब्यापर्यंत मी गेली, तसंही मुखरूसाठी बिडी आणाची होती. दोन पायली मिरची तिच्या थैलीत भरली. नोको नोको म्हणत होती. म्हणलं, त्या पुडीतली विटेचा भुगा असते, नातवाले खाऊ घालू नोको.

गाडी दिसली तवा तिनं कमरेची पिशवी उघडली आन एक चावी काढली. चपटी, पांढरी, कंपनीची.

"हे काय?"

"माह्या तिथल्या खोलीची. दोन देल्या होत्या मालकानं. एक रोशनपाशी आहे. ही माही." गाडी थांबली, लोक चढाले लागले. "तिथी ओळीत कोणी नाई वो रुखमा, जिच्यापाशी ठेवावी. तुह्यापाशी राहू दे."

"मंग तू घरात कशी शिरशीन?"

"सून पण कामावर राहते, रोशन येईपर्यंत जिन्यात बसन. तसंही मी बसतोच."

चावी माह्या हातावर ठेवली आन चढली. खिडकीतून तोंड काढलं नाई. जागा मधातली मिळाली असन.

२२ एप्रिल

चावीले भोक लहान आहे, खिळ्यात जाईना. सुतळी बांधून मंगलीच्याच खिळ्यावर लटकवली. मुखरू म्हणे, "मिरचीचे लोक तं आले सगळे. ही कोणाची राह्यली?"

म्हणलं, हैदराबादची.

"कुठी?"

"हैदराबाद."

"लय दूर आहे ते," म्हणे.

आहे दूर. तिथी चोर शिरला तं मी इथून काय करणार. पण रीत ती रीत. ज्या हातानं देली त्याच हातात जाईन, रोशनले नाई आन कोणाले नाई. या लागन तिले.

मोहाच्या दिवसात आली तं बरं.